तिसरा पेला

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तरी फांतायेला वाटत होतं, आपण अजून झोपेतच आहोत. बेरूतमधल्या मालकिणीच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या त्या खोपटात, हेच तिचं अदीस अबाबा शहर तिच्या स्वप्नात यायचं. आज ते डोळ्यांसमोर होतं आणि ओळख दाखवायला तयार नव्हतं. जिथे शेळ्या चरायच्या तिथे काचेच्या इमारती उभ्या होत्या.

संध्याकाळी पुढचं, टोरांटोचं विमान होतं; तिथे नवी नोकरी मिळाली होती. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती, थोरल्या बहिणीची, मुलुनेशची माफी. आई गेली तेव्हा फांताये आली नव्हती. मालकिणीनं पासपोर्ट कुलपात ठेवला होता. पण हे सांगायला गेलं की मुलुनेश फोनच ठेवून द्यायची.

"पियासा, पियासा!" निळ्या मिनीबसमधून बहिणीच्या वस्तीचा पुकारा आला आणि तिची पावलं आपसूक धावली.

"ताई, बॅग मांडीवर घ्या. तिचं तिकीट काढलंय का?" कंडक्टर म्हणाला, तशी सगळी बस हसली. नव्या वर्षाची पिवळी फुलं, कोपऱ्यावर भाजणारी कणसं, दुकानादुकानांतली एकमेकांवर चढलेली गाणी, सगळं धुक्यातून सरकल्यासारखं खिडकीतून मागे गेलं. तिला उतरूच नये असं वाटलं.

मुलुनेश दारात उभी होती. "या. बसा."

तुम्ही! पाठच्या बहिणीला! फांताये बॅग घेऊन आत आली.

कॉफीच्या बैठकीसाठी जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं होतं, धूप दरवळत होता. शेजारच्या झेनेबेच मावशी आधीच ठाण मांडून बसल्या होत्या. "आजच निघणार? विमानाला म्हणावं थांब जरा. आमची मिनीबस थांबते की!"

मुलुनेशनं बिया भाजल्या, कुटल्या, मातीच्या सुरईत कॉफी उकळली. पहिला पेला झाला.

"ताई, त्या मालकिणीनं..."

"लाह्या घ्या."

दुसरा पेला झाला. फांतायेनं धीर करून विचारलं, "आईला शेवटी माझी आठवण झाली?"

"उशाशी मी बसायचे. हाक मात्र तुमच्या नावानं मारायची." मुलुनेशचा आवाज फाटला. "मीच ओ द्यायचे."

धुराआड बहिणीचा चेहरा क्षणभर आईचाच दिसला.

मग तिसरा, बरकाचा पेला. बरका म्हणजे आशीर्वाद, तो असतो यातच. तो घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. मुलुनेशनं मावशींना ओतला, स्वतःला ओतला, आणि फांतायेचा पेला पालथा घातला.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" मावशी कडाडल्या. "वैऱ्यालासुद्धा कुणी बरकाशिवाय वाटेला लावत नाही!"

फांताये उठली. संपलं सगळं. बॅग उचलून ती दाराकडे निघाली.

"बरका देऊन पाहुण्यांना निरोप देतात, मावशी," मुलुनेश मागून म्हणाली. "तो घेऊन गेली की ही परत कशाला येतेय?" मग ती फांतायेकडे वळली. "तू पाहुणी आहेस का गं?"

फांतायेनं तिथेच गवतावर बसकण मारली आणि लहान पोरीसारखी रडू लागली.

"रडतेस काय? ऊठ, विमान चुकेल." मुलुनेशनं पदरानं तिचं नाक पुसलं. "आणि लवकर ये. कॉफी निवते."