तपासू नकोस

मी संगणकातल्या आज्ञेची एक ओळ, बोलतेय. 'सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासू नकोस', एवढाच माझा अर्थ. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत, सुरभीच्या संगणकात माझा जन्म झाला.

सुरभी जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी, प्रोग्राम लिहायची. कापूस तापला की भोंगा वाजवणारा. तिनं लिहिलेलं गिट नावाच्या ने-आण करणाऱ्या प्रोग्राममार्फत कंपनीच्या सर्व्हरवर जायचं आणि तिथून दिग्रसच्या जिनिंगला. पहिल्याच दिवशी गिट अडून बसलं. या सर्व्हरचं प्रमाणपत्र ओळखीचं नाही, विश्वास कसा ठेवू?

ते प्रमाणपत्र सर्व्हर सांभाळणाऱ्या नौशादभाईंनीच बनवलेलं. ते सुरभीच्या संगणकात ठेवून 'यावर विश्वास ठेव' असं गिटला सांगायचं, दहा मिनिटांचं काम. पण नौशादभाई म्हणाले, "आपलाच त सर्व्हर हाये. घरच्या माणसाले कोनी ओळख विचारते का? तपासनंच बंद करून टाक."

सुरभीनं मला लिहिलं. गिट गप्प झालं. खरं सांगते, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

दोन वर्षांनी नवा सर्व्हर आला. जुना मात्र "चालू हाये त राहू द्या" म्हणून कोपऱ्यात चालूच राहिला. जिनिंग नव्याला जोडली, सुरभीच्या संगणकातला पत्ता बदलायचा राहून गेला. जुन्याच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती. गिटनं तपासलं असतं तर ते तिथंच थांबलं असतं. मी तपासू दिलं नाही.

भोंगा उशिरा वाजतो, ही चूक सुरभीनं यंदा शोधून दुरुस्त केली. दुरुस्ती गेली जुन्या सर्व्हरवर. गिट म्हणालं, पोचलं. तिनं जिनिंगला फोन करून तसं कळवलंही.

चौथ्या दिवशी तिथं कापूस पेटला. भोंगा वाजेपर्यंत कामावरच्या कांताबाईंचे दोन्ही हात भाजले होते.

सुरभी दवाखान्यातून परतली ती थेट नौशादभाईंपुढे बसली. "कांताबाई म्हनते, 'भोंगा आता लवकर वाजते असं तूच सांगतलं होतं पोरी. भोंगा नाही वाजला म्हनून मी कापूस बाजूले करत थांबली.'"

नौशादभाई म्हणाले, "तुले मीच सांगतलं होतं, तपासू नको म्हनून."

मी तर सांगितलं तेवढंच केलं, असं स्वतःला समजावून पाहिलं. मन मानत नाही.

आज नव्या सर्व्हरचं प्रमाणपत्र संगणकात नीट बसलंय. सुरभी आता मला पुसेल. पूस, बाई. पण नौशादभाईंनी हीच युक्ती आणखी चौघांना सांगितली होती. त्यांच्या संगणकांतही मी आहे. तिथूनही कुठल्या ना कुठल्या जिनिंगला प्रोग्राम जातो, आणि तिथल्या बायांना सांगून ठेवलेलं असतं, भोंगा वाजेल.