तळव्याखाली एरंडोल

काडीपेटीतल्या काडीएवढे बावीस खलाशी बुटांच्या खोक्यात कापसावर निजले होते. खोकं मांडीवर सांभाळत भाईदास पेंटर धुळ्याहून चाळीसगावला निघालेल्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसला होता. समोर त्याची बायको द्रौपदाबाई. तिच्या मांडीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी, आणि पिशवीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी: ‘मगनसाठी’.

ती चिठ्ठी दिसली की भाईदास खिडकीबाहेर बघायला लागायचा. मगन म्हणजे खोक्यातला पांढऱ्या टोपीचा प्लॅस्टिकचा खलाशी. त्या नावाचा जिताजागता माणूस संघपालच्या जहाजावर नव्हता, कधीच नव्हता. आणि तासाभरात संघपाल चाळीसगावला उतरणार होता.

संघपाल त्यांचा एकुलता एक. नऊ महिन्यांपूर्वी तो मालवाहू जहाजाच्या इंजिनात तेलपाण्याच्या कामाला लागला. जाताना बापाच्या हातात छोट्या जहाजाचा एक संच ठेवून गेला. “आबा, यातले खलाशी नुसतेच राखाडी. मी येईपर्यंत रंगवून ठेवा. तुमचा हात रिकामा राहिला की तुम्ही मायशी भांडता.”

हात रिकामा होता हे खरंच. एके काळी धुळ्याच्या देवपुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या भाईदासच्या हातच्या. मग फ्लेक्स आलं आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून काटक्या झाले. वीतभर अक्षरं काढणाऱ्या माणसाला आता मोहरीएवढा डोळा काढायचा होता. पहिले तीन खलाशी त्याने पाटीच्याच ऑइलपेंटने रंगवले, तर रंगाखाली तिघांची नाकंच बुडाली. रॉकेलच्या बोळ्याने पुसून त्याने पुन्हा मांडी ठोकली. रंग पातळ केला, ब्रशचे तीनच केस ठेवून बाकीचे कापले, करंगळी टेबलाला टेकवली, श्वास धरला, आणि डोळा उघडला.

पण पाटी रंगवणाऱ्याची एक खोड असते. काम संपलं की कोपऱ्यात नाव-गाव टाकल्याशिवाय त्याचा हात थांबत नाही. खलाशाला कोपरा कुठून आणायचा? म्हणून भाईदास त्याला उलटा करायचा आणि बुटांच्या तळव्याखाली नाव-गाव लिहायचा. त्याचं स्वतःचं नव्हे, त्या खलाशाचं. नाव लिहिलं रे लिहिलं की तो बोटभर माणूस आपली हकिगत सांगायला लागायचा. कप्तान झुलाल, पारोळा: वादळाला भीत नाही, बायकोला भितो. चिंधा, शिरपूर: पोहता येत नाही, कंपनीला अजून सांगितलेलं नाही. राकेश, चोपडा: केळीचा ट्रक विकून समुद्रावर आला, अजून जहाज मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो.

शेजारचा कय्युम गाड्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवायचा. तो रोज डोकावून जाई. “भाईदासभाऊ, समुद्र कुठे, आपण कुठे! अन् भरती सगळी खान्देशातून? एखादा कोकणातला तरी घ्या.”

“कोकणातल्याला पोहता येतं, कय्युमभाई. त्याची काळजी कोण करणार?”

मगनचं मात्र वेगळं झालं. पहिल्याच महिन्यात संघपालचा फोन आला. दोन मिनिटांत एवढंच कळलं की तब्येत बरी आहे, जेवण फिकं आहे. त्या दिवसापासून द्रौपदाबाईचा घास घशाखाली उतरेना. चार दिवस ती ताटापुढे बसायची आणि ताट झाकून उठायची. चौथ्या दिवशी भाईदासच्या चिमटीत पांढऱ्या टोपीचा आचारी होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, “अगं, तू नळावर होतीस तेव्हा फोन आला होता. जहाजावरचा आचारी बदलला. नवा आपल्याकडचाच शे. एरंडोलचा मगन.”

“एरंडोलना?” म्हणत तिने ताट पुढे ओढलं, आणि अख्खी भाकर खाल्ली.

आता माघार कशी घ्यायची? भाईदासने खोट्याला टेकू दिला. “फोनवर मगनचं नाव काढू नको हं. तो पोराला चोरून कळण्याची भाकर देतो. साहेबाला कळलं तर दोघांची नोकरी जाईल.” ती पोराशी बोलताना चकार शब्द काढत नसे, पण रोज तिन्हीसांजेला, बुद्धाच्या तसबिरीपुढे दिवा लावून झाला की विचारी, “मगनने आज काय रांधलं?” मग भाईदास खोलीत बसल्या बसल्या भर समुद्रात चूल पेटवायचा. कधी भरीत, कधी शेवभाजी. एकदा तर जहाज हेलकावे खात असताना मगनने खापरावर मांडे केले होते.

चैत्रात गल्लीतल्या लताबाईच्या नातीचं लग्न निघालं, तेही नेमकं एरंडोललाच. द्रौपदाबाई गेली. दोन दिवस भाईदासचा जीव टांगणीला. ती परत आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “मगननी माय भेटनी. गुडघा दुखस तिना. पन बाई सोनं शे.”

ब्रश धुता धुता भाईदासचा हात तसाच राहिला. नसलेल्या माणसाची आई भेटलीच कशी? मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: एरंडोलात खरोखरचा कोणी मगन असणार, कामासाठी परमुलखात गेलेला. आणि ही बया त्याच्या आईला सांगून आली असणार की बाई, तुझा लेक माझ्या लेकाला जहाजावर जेवू घालतो! ती म्हातारी आता दाराकडे डोळे लावून बसली असेल. त्या दिवसापासून मगनच्या आईच्या बातम्या द्रौपदाबाईच सांगू लागली. तिने शेळी घेतली. सुनेशी वाजलं. पुन्हा गोडही झालं. भाईदास नुसता हूं हूं करायचा.

आज एकट्याने चाळीसगावला जाऊन पोराला आधीच पढवायचं, असा त्याने बेत केला होता. पण पहाटे बघतो तर ही चपला घालून दारात. घरातला एकुलता एक फोनही तिच्याच पिशवीत.

शिरूड स्टेशन गेलं. भाईदासने घसा साफ केला. “द्रौपदा, त्या मगनचं...”

“काय?”

“नाही, म्हटलं एवढं पीठ लागेल का त्याला?”

“लागी. अंगापिंडाचा मानूस शे,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत गुणगुणू लागली:

“खारा पानीनी वाटवर कोन शे मन्हा लेकले?
एरंडोलना मगन, भाकर देस भूकले.”

भाईदासला ते ऐकवेना. हिने तर त्याला ओवीत नेऊन बसवला. जामदा आलं, गेलं. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा खोक्याचं झाकण नीट केलं.

चाळीसगावला मुंबईकडची गाडी लागली आणि संघपाल उतरला. काळवंडलेला, पण खांदे भरलेले. “जयभीम आबा!” म्हणत तो पाया पडला. द्रौपदाबाईने बाजारात वांगी पारखावीत तसे त्याचे गाल दाबून पाहिले, मनगट धरून पाहिलं. “वाळना नहीस,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली. मग डोळे पुसून तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

संघपालने चिठ्ठी वाचली. “मगनसाठी? कोण मगन?”

भाईदासने खोकं बाकावर ठेवलं. खोक्याकडे बघतच बोलला, “मगन नाही, द्रौपदा. कोणीच नाही. तू जेवत नव्हतीस म्हणून मी रचला. आता त्या एरंडोलच्या बाईकडे आपण जाऊ. मी तिच्या पाया पडतो.”

“कोणत्या बाईकडे?”

“मगनच्या मायकडे.”

द्रौपदाबाईने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलू लागले. भाईदासला वाटलं, संपलं सगळं. पण पदराआडून खुसखुस ऐकू आली. “अहो, मगनच नाही तर त्याची माय कुठून येईल?”

“म्हणजे?”

“सात गल्ल्या हिंडले मी एरंडोलात. तीन मगन भेटले. एक सायकली दुरुस्त करतो, एक शाळेत शिपाई, अन् एक अजून पाळण्यात. मंग समजनं माले बठ्ठं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? पोर गेल्यापासून तुम्ही तरी कुठे धड जेवत होते? मगनचं सांगता सांगता दोन भाकरी खायला लागले. मगन गेला असता तर आपण दोघंबी उपाशी. अन् एवढं परमुलखात राबणारं पोर, त्याला माय नको?”

“आणि हे पीठ?”

“पीठ मन्हा लेकले. चिठ्ठी तुमच्यासाठी. म्हटलं बघू, कोणत्या ठेसनावर खरं बोलतात. चाळीसगाव उजाडलं तरी गप्पच!”

ब्रश टेकवताना धरतात तसा श्वास भाईदासने चैत्रापासून धरून ठेवला होता. तो आता सुटला. एरंडोलात कुठलीही म्हातारी त्याच्या शब्दावर दाराकडे बघत बसलेली नव्हती. तो हसायला लागला तो थांबेचना. शेजारी चहा पिणारी माणसंही वळून पाहू लागली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये संघपालने खोकं उघडलं. तो एकेकाला उलटं करून नाव वाचायचा आणि भाईदास त्याची हकिगत सांगायचा. “आबा, आमचा कप्तान परदेशी आहे. पण बायकोला भितो हे तुम्हाला कसं कळलं?”

“आणि आचारी?” द्रौपदाबाईने विचारलं.

“फिलिपिन्सचा. भला माणूस. पहिले दोन महिने जीव नकोसा झाला होता, माय. मग रविवारी मीच त्याच्या स्वयंपाकघरात शिरायला लागलो. त्याला ठेचा खाऊ घातला. ढसाढसा रडला, अन् पुढच्या रविवारी स्वतःच मिरच्या भाजून बसला.”

खोक्यात तळाशी एक खलाशी अजून राखाडीच होता. संघपालने त्याला चिमटीत धरलं. तळवा कोरा.

“हा तू,” भाईदास म्हणाला. “बाकीच्यांचं काहीही रचता आलं. तुझं रचायला हात उचलेना. तू सांग, मग रंगवतो.”

संघपाल सांगू लागला. पहिल्या वादळापासून, ओकारीपासून, इंजिनच्या धगीपासून. द्रौपदाबाईने मगनला पिशवीवर, पिठात टाच रुतवून, ताठ उभं केलं.

जामदा आल्यावर भाईदासने हळूच विचारलं, “द्रौपदा, मगनच्या मायचं नाव काय ठेवलंस?”

“अजून नही ठेवं,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा. घर यायला वेळ शे.”