फालेसीआजीचे राहिलेले ठोके

मी एक जुनी रिम आहे. लॉरीच्या चाकाची, लोखंडी, एका कडेला चेमटलेली. मित्रांनो, हसू नका. मलावीतल्या आमच्या गावात मीच चर्चची घंटा आहे.

कापसाची लॉरी घाटात उलटली आणि मी चाकातून निखळले. गावकऱ्यांनी मला चर्चपुढच्या आंब्याला साखळीने टांगलं. वाजवायचं काम फालेसीआजीकडे आलं. तेव्हा ती चाळिशीची होती. तिच्याकडे एक जाडजूड लोखंडी बोल्ट होता. प्रार्थनेला ती भरभर ठोके द्यायची. कुणी मेलं की सावकाश, एकेक. ते सावकाश ठोके ऐकले की मक्याच्या शेतातली माणसं कुदळी टाकून धावत यायची. त्या दिवशी कुणी शेतात राबत नसे. "फालेसी, तुझी रिम मेलेल्यालाही उठवील!" असं लोक म्हणायचे आणि मी फुलून जायची.

तीस वर्षं अशी गेली. मग शहरातून एक नवे पाळक आले. ते म्हणाले, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, तर तो बाप्तिस्माच नव्हे. मोठेपणी नदीत पूर्ण बुडायला हवं. झालं! अर्धं गाव नदीवर गेलं. गेलेल्यांना 'डुबकीवाले' नाव पडलं, राहिलेल्यांना 'शिंतोडेवाले'.

"काय रे, नदीत पापं धुतलीस, कान धुवायचे राहिले वाटतं!"

"तुझी तर नुसती टाळू धुतलीय, बाकीचा तसाच!"

सुरुवातीला मलाही हसू यायचं. पुढे विहिरीवर बाया एकमेकींकडे पाठ करून पाणी भरू लागल्या, तेव्हा हसू आटलं.

फालेसीआजीही नदीत उतरली. तिचा मुलगा लिंगिसन जुन्या मंडळीचा पंच. तो आंब्याखाली कडाडला, "आई, साऱ्या गावात माझं नाक कापलंस!"

"नाक तुझं असेल रे, जीव माझा आहे," आजी म्हणाली. "माझा देव मला ठाऊक. मी मेले की रिम तेवढी वाजव. दुसरं काही मागत नाही."

मी जुन्यांच्या झाडावर राहिले आणि बोल्ट आजीच्या घरी गेला. तेव्हापासून शिंतोडेवाले मला दगडाने बडवू लागले. माझा आवाज कसाबसा चर्चच्या दारापर्यंत जायचा.

पुढच्या पेरणीत आजी गेली. तिची शेजारीण टिलेसी, तीही डुबकीवाली, बोल्ट घेऊन धापा टाकत आली. "लिंगिसन, आई गेली रे. घे, वाजव."

बाकीचे पंच तिथेच होते. ते म्हणाले, "चर्चच्या वहीतून नाव खोडलेल्या बाईसाठी आमची रिम वाजायची नाही."

लिंगिसनने माझ्याकडे पाहिलं. मग मान फिरवून म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

मित्रांनो, माझा घात झाला तो त्या क्षणी. जिच्या हाताने मी बोलायला शिकले, तिच्याच मरणाला माझं तोंड बांधलं. "रिम वाजली नाही, म्हणजे आम्हाला बोलावणं नाही," असं म्हणत शिंतोडेवाले पेरत राहिले. लांबच्या शेतांतल्या डुबकीवाल्यांना तर कळलंच नाही. लिंगिसनही खाली मान घालून पेरत राहिला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तो टिलेसीकडून बोल्ट मागून घेऊन आला. सावकाश, एकेक ठोका दिला. कुदळी पडल्या. दोन्हीकडची माणसं धावत आली.

"कोण गेलं?"

"माझी आई."

"अरे, तिला पुरून तीन आठवडे झाले!"

"हो," लिंगिसन म्हणाला. "पण मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

टिलेसीने मातीत बसून हंबरडा फोडला, मग सगळ्याच बायांनी. पाठ कुणी कुणाकडे केली नाही. पण पुढच्या रविवारी पुन्हा दोन वाटा, दोन प्रार्थना. माझा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

तुम्ही शिंपडून घ्या नाहीतर बुडून घ्या, ते तुमचं तुम्ही बघा. मरणाचे ठोके मात्र कुणाचे अडवू नका. फालेसीआजीने जन्मभर अख्ख्या गावाला बोलावलं. तिच्या खड्ड्यात माती लोटायला नऊ माणसं होती, आणि त्यांत तिचा मुलगा नव्हता.