अर्ध्या शब्दांच्या वॉर्डातला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पोटाच्या वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलामागे टांगलेला. मला एका म्हाताऱ्या मेट्रनबाईंनी स्वतः रंगवलं. वर घशापासून आतड्यांपर्यंतचं चित्र आणि खाली डॉक्टरी शब्दांची शेपटं. ‘आयटिस’ म्हणजे सूज, ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीनं आत बघणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं. “डोकं सांगतं कुठं, शेपूट सांगतं काय,” असं त्या शिकाऊ मुलींना बजावत. काय थाट होता तेव्हा माझा!

मेट्रनबाई निवृत्त झाल्या आणि माझे ग्रह फिरले. कुणीतरी माझ्यावर ड्यूटीचा कागद टाचला, तोही नेमका शेपटांवर. वॉर्डातल्यांना शेपटं नकोशीच झाली होती. घाईत सगळे अर्धेच शब्द बोलत. “तीन नंबरची गॅस्ट्रो झाली, चार नंबरची उद्या.” अरे, गॅस्ट्रो म्हणजे नुसतं जठर! त्याचं करायचं काय, ते कोण सांगणार? तुमचा काका?

चार नंबरच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. जठरात जखम होती, म्हणून दुर्बीण घालून बघायचं होतं, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी, एवढंच. पण शेजारच्या तीन नंबरचं जठरच काढलं होतं, म्हणजे गॅस्ट्रेक्टॉमी, आणि बोलण्यात तीही ‘गॅस्ट्रो’च! ते ऐकून काकांची मुलगी धावत टेबलाशी आली.

“सिस्टर, बाबांचंही पोट काढणार?”

“अहो ताई, साधी गॅस्ट्रो आहे. घाबरता काय!” सिस्टर सलाईन घेऊन पळाल्या.

मी भिंतीवर नुसता तडफडत होतो. अगं बाई, तो कागद उचल! पण तक्त्याला कुठली वाचा? काका मुलीला म्हणाले, “पोट गेल्यावर जगून काय करू? चल घरी.” कुणालाही न सांगता दोघं मागच्या जिन्यानं निघून गेली.

आठव्या दिवशी काकांना स्ट्रेचरवरून आणलं. जखम फुटली होती. जीव वाचला, पण अर्धं जठर कापावं लागलं.

“त्या दिवशी काय करणार होता?” मुलीनं डॉक्टरांना विचारलं.

“दुर्बिणीनं बघणार होतो. दहा मिनिटांचं काम.”

“आम्हाला वाटलं, पोटच काढणार,” ती म्हणाली. सिस्टरांनी रडत रडत माझ्यावरचा कागद फाडला. एक तारखेला ड्यूटीचा नवा कागद पुन्हा तिथंच लागला.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण घाबरलेल्या माणसापुढं शब्द पूर्ण बोला आणि त्याचा अर्थही सांगा. उद्या आपलं काय होणार, एवढंच तो विचारत असतो.