हात मांडीखाली

सतरा वर्षं मी गणित शिकवतेय. मृणालिनी मॅडमच्या हाताखालून गेलेलं पोर गणितात कच्चं राहत नाही, असं मी नाही, लोक म्हणतात. आणि माझ्या पोटच्या पोरीला सातचा पाढा येत नव्हता. दिव्याखाली अंधार, असं मला स्टाफरूममध्ये कोणी ऐकवलं नाही, पण मी ते प्रत्येकाच्या तोंडावर वाचत होते.

अवनी आठ वर्षांची. तिसरीच्या वार्षिक परीक्षेत गणितात नापास झाली. तिची शाळा वेगळी, माझी नव्हे, तेवढी देवाची कृपा. पंधरा दिवसांनी तोंडी फेरपरीक्षा होती. तीत पाढे आले नाहीत तर ती पुन्हा तिसरीत आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी चौथीत. मी रोज संध्याकाळी तिला टेबलाशी बसवायची. पाठ ताठ, नजर वहीवर, पन्नास वेळा लिही. ती बिचारी लिहायची. अक्षर मोत्यासारखं. वही मिटली की सगळं पुसलेलं.

पाचव्या दिवशी शाळेतून परतले. काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे. दाराशीच अवनीचा आवाज ऐकू आला. सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न. कुठेही न अडखळता. आत पाहते तर पोरगी चौकात उभी, आणि तिचा उजवा हात पाढ्याबरोबर वर वर चढतोय. एके गुडघ्याशी, पाचे छातीशी, आठे कानाशी, दाहे थेट डोक्यावर. समोर माझी धाकटी जाऊ मधुवंती कैऱ्यांच्या फोडी करत बसली होती. पोरीकडे पाहतसुद्धा नव्हती.

मधुवंती बारावी शिकलेली. तिचे वडील मुलांना वेद शिकवायचे. त्यांच्या वेदशाखेत मंत्र म्हणताना हातही चालतो, स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. मुलं अर्थ कळायच्या आधी हाताने पाठ करतात. तीच रीत मधुवंतीने पाढ्याला लावली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला. मी रोज दोन दोन तास घसा कोरडा करायचा, आणि हिने कैऱ्या चिरता चिरता पोरगी तयार करायची? वर्गात मी फळ्यावर संख्यारेषा काढते. मधुवंतीने ती पोरीच्या अंगावर काढली होती. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कळलं म्हणूनच जास्त झोंबलं.

"ताई, ती बसली की तिचा दिमाग बंद पडतो," मधुवंती म्हणाली. "हात चालला की डोकं पण चालतं तिचं. तुम्हीच बघा ना."

परीक्षेत काय हात नाचवत उभी राहणार आहे का, असं मी विचारलं. मग अवनीच्या अभ्यासाचं मी बघेन, तू लोणच्याचं बघ, असंही म्हटलं. मधुवंतीने पुढची कैरी उचलली. तिने उलटून बोलायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी अवनीला हात मांडीखाली दाबून बसायला लावलं. आता म्हण, म्हटलं. ती सातापर्यंत जायची आणि थांबायची. मांडीखाली बोटं वळवळताना मला दिसत होती. मी म्हणायची, हलायचं नाही. सकाळची वेणी ती काकूकडूनच घालून घ्यायची, याचंही आजवर मला काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. एकदा मी ती वेणी सोडून पुन्हा घातली. अवनी आरशातून माझ्याकडे बघत होती.

परीक्षेच्या दिवशी गणिताच्या सरांनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. अवनी त्यांच्यासमोर खुर्चीत बसली आणि कोणी न सांगता तिने दोन्ही हात मांडीखाली घातले.

सरांनी दोनचा विचारला, तिला आला. पाचचा आला. मग विचारलं, सात अट्ठे? त्यांनी पुन्हा विचारलं. तिच्या कानाची पाळी लाल झाली. उजवा खांदा जरासा उचलला आणि पुन्हा खाली बसला. सरांनी पेनचं टोपण काढलं.

छप्पन्न तिच्या कानाशी होतं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"सर, इसे खड़े होकर बोलने दीजिए," मी म्हणाले. "हाथ चलाकर."

सर बरे होते, हो म्हणाले. अवनी उठली, पण आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हात गुडघ्यापासून निघाला, ओठ पुटपुटत राहिले, हात कानाशी आला आणि ती म्हणाली, छप्पन. मग नऊचा विचारला, बाराचा विचारला. हात वर चढत होता, उत्तरं येत होती. सरांनी तिच्या नावापुढे पास लिहिलं आणि हसून विचारलं, "ये तरकीब किसने सिखाई? मम्मी ने?"

अवनीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. गॅसवरच्या दुधाकडे बघावं, उतू जातंय की काय, तसं.

"हाँ," ती म्हणाली. "मम्मी ने."

माझी पोरगी खोटं बोलत नाही. पाढे मला तिला शिकवता आले नाहीत. पण हे खोटं मात्र मी शिकवलं होतं, आणि ते तिला एका जागी बसून, हात न हलवता, दहा दिवसांत पक्कं पाठ झालं होतं.

"नहीं सर," मी म्हटलं. "इसकी काकी ने."

घरी येईपर्यंत ती माझं बोट धरून चालली. गल्लीच्या तोंडाशी तिने विचारलं, "आई, तू रागावलीस?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही.

मधुवंती स्वयंपाकघरात होती. अवनी पळत निघाली आणि उंबऱ्याशी थबकून माझ्याकडे वळली.

"जा," मी म्हटलं. "काकूला सांग."

ती गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं, मग टाळी, मग पुन्हा हसणं. मी चपला पायात तशाच ठेवून बाहेर उभी होते. हेवा वाटलाच. पण मी तिला परत हाक मारली नाही.