जुळ्यांच्या आईचा पाय

सकाळच्या नमाजाची माणसं मशिदीतून परतली की नझीहाच्या दारात बायकांच्या पाठी हजर. रात्रभरात आखडलेल्या, तेल चोपडलेल्या, मेथीच्या लेपाने माखलेल्या पाठी. आलेल्या बाईने सतरंजीवर पालथं पडायचं, झगा खांद्यापर्यंत सरकवायचा आणि म्हणायचं, "दे बाई पाय." त्या ओल्या, थलथलीत मांसात टाच रुतली की नझीहाला शिसारी यायची. नंतर साबणाने कितीही घासा, पायाला वास राहायचाच. स्फाक्स शहरातल्या त्या गल्लीत जुळ्यांना जन्म दिलेली ती एकटीच, आणि जुळ्यांच्या आईने तुडवलं की कंबर मोकळी होते याबद्दल तिथे कुणाला शंका नव्हती.

थंडीत तिचा अनीस तापाने गेला. जुळ्यांतली सोंदुस तेवढी उरली. आता तरी लोक आपल्याला सोडतील असं नझीहाला वाटलं होतं. कुठलं काय! त्याचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सासूने, मबरूकाने, सतरंजी पुन्हा अंथरली. गल्लीत सासूला मान होता तो सुनेच्या टाचेमुळे. तो ती बरी सोडील!

आज मात्र नझीहाने मनाशी ठरवलं होतं, काय वाट्टेल ते होवो, कुणाच्या पाठीवर पाय द्यायचा नाही.

पहिली आली म्हातारी शेजारीण शलबिया. हातात अंड्यांची टोपली, तोंडात कण्हणं.

"लल्ला, पालथ्या नका पडू. उताण्या व्हा," नझीहा म्हणाली. थोरल्या बायकांना तिथे मानाने लल्ला म्हणत. "गुडघे वाकवा. आता दोन्ही मिळून हळूच एका बाजूला न्या, मग दुसऱ्या. दुखलं तर थांबा. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलंय मला. मी रोज अंथरुणातच करते आणि मग उठते."

"इश्श! हे तर माझी तान्ही नातसुद्धा करते. त्यासाठी का मी एवढी तंगडतोड केली?"

नझीहाने तिचे गुडघे धरून सावकाश झुलवले, मग एकेक करून छातीकडे नेले. हळूहळू कण्हणं थांबलं. तोंड थांबलं नाही.

"बरं वाटतंय खरं. पण शेवटी पाय दे हं पोरी. आणि दोनदा दे."

"दोनदा कशाला?"

"तुझी सासूच म्हणाली. एक पोर गेलं, टाचेतला गुण निम्मा झाला. म्हणून दोनदा. एकदा जित्याच्या नावाने, एकदा मेल्याच्या."

नझीहाने सासूकडे पाहिलं. ती चहात पुदिना टाकत होती.

"खोटं काय त्यात?" मबरूका म्हणाली. "लोकांना गुण यायला नको?"

नझीहाने शलबियाचे गुडघे सोडून दिले.

"उठा लल्ला."

"अगं, पण पाय..."

"उठा म्हणते ना! थू तुमच्या त्या गुणावर! मी पोटात पोर वाढवलं होतं, तुमच्या कमरेचं औषध नाही!"

शलबिया ताडकन उठली. ना कण्हली, ना भिंतीला हात टेकला, ना अल्लाचं नाव घेतलं. "मेलीच्या जिभेला हाड नाही," म्हणत टोपली उचलून ती तरातरा बाहेर पडली. तिला समजवायला मबरूका तिच्यामागे धावली, "अगं थांब, देईल ती दोनदा! मी सांगते ना तिला!"

नझीहाने सतरंजी गोळा करून गल्लीत भिरकावली आणि आतून कडी घातली. सासू बाहेरच राहिली. राहू दे.