शहर दाखवायचा आठवडा

काचेला नाक लावून टिकलीने विचारलं, "आत्या, हे कासव खरंच तुझ्यापेक्षा म्हातारं आहे?"

आत्या पर्समध्ये रुमाल शोधत होती. सवयीने उत्तर तोंडावर आलंच. "माझ्यापेक्षा? अगं, माझ्या आजोबांनासुद्धा ते पोर म्हणायचं," असं म्हणत तिने मान वर केली आणि ती थांबली. टाकीत कासव नव्हतंच. तळाला वाळू होती, एक खोटा खडक होता, आणि नळीतून बुडबुडे निघून वर जात होते. काचेवर एक कागद चिकटवला होता. कासवाला उपचारासाठी दुसरीकडे हलवलं आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

टिकलीनेही मग नाक मागे घेऊन नीट पाहिलं.

"कुठंय ते?"

"नाहीये. आजारी पडलंय."

"मग आता मी काय विचारायचं?"

तिने हे इतक्या काळजीने विचारलं, की आत्याला आधी हसू आलं. मग ते हसू ओठांवरच राहून गेलं. मागून एका शाळेची सहल आली, पोरांनी दोघींना ढकलत काच ताब्यात घेतली. आत्याने टिकलीचा हात धरला आणि तिला मत्स्यालयाबाहेरच्या झाडाखालच्या बाकावर आणून बसवलं.

ही टिकली म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. घराण्यातलं शेंडेफळ, उंचीने जेमतेम, म्हणून टिकली. तिसरी पास झाली की घरातल्या प्रत्येक मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आठवडा आत्याकडे शहर बघायला यायचं, हा या घराण्याचा शिरस्ता होता. मोठ्या भावाची मुलं येऊन गेली, मधल्याची येऊन गेली. आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर काम करायची. वर्षभर ताप आला तरी सुट्टी घ्यायची नाही, सगळी या आठवड्यासाठी राखून ठेवायची. मत्स्यालय, छोटी आगगाडी, देवमाशाचा सांगाडा, तारांगण आणि शेवटी आकाशपाळणा, असा तिचा क्रम ठरलेला होता. टेबलावरच्या बायका तिला चिडवायच्या, "काय बाई, यंदा कुठल्या पाहुण्यांची स्वारी?" त्यावर ती कात्री न थांबवता म्हणायची, "काय करणार, माझ्याशिवाय त्या पोरांना शहर दाखवणार कोण?" हे म्हणताना तिचा चेहरा असा काही फुलायचा की बायका पुढे चिडवायचं विसरून जायच्या.

"कासवाचं कुणी सांगितलं होतं गं तुला विचारायला?" आत्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

टिकली बुटांकडे बघत बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते, ते तिने जरा वेळ हलवले.

"मोठ्या ताईने."

"अजून काय काय सांगितलंय?"

"देवमाशाच्या सांगाड्याखाली गेलं की घाबरायचं. खोटं खोटं. मग तू जवळ घेतेस. आणि तारांगणात झोप आली तरी झोपायचं नाही. दादा झोपला होता ना, तू फोनवर हसत सांगितलंस, तर काकू त्याला ओरडली. म्हणाली, तेवढंही जमलं नाही का तुला?"

"का पण? कशासाठी हे सगळं?"

टिकलीला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. एवढं साधं आत्याला कसं ठाऊक नाही, अशा नजरेने तिने पाहिलं.

"तू एकटी असतेस ना, म्हणून. यंदा माझी पाळी होती. माझ्यानंतर कुणी नाहीच. बाबा आईला म्हणाले, हिचं एकदा झालं की मिटलं."

आत्याचे कान गरम झाले. समोरून फुगेवाला गेला, त्याच्याकडे ती बघत राहिली. तिला भयंकर लाज वाटली. भर रस्त्यात कुणी आपली पिशवी उलटी करावी, तशी. इतकी वर्षं आपण भावांवर उपकार करतोय या तोऱ्यात ती होती, आणि तिकडे घरी पाळ्या लागत होत्या. राग कुणावर काढावा हेही कळेना. पोरांनी तर बिचाऱ्यांनी चोख काम केलं होतं. भावांनी वाईट काय केलं होतं? बहिणीची काळजीच घेतली होती. तेच तर तिला सहन होईना.

आणि गंमत अशी, की ही सगळी ठिकाणं तिला स्वतःला कधी आवडलीच नव्हती. मत्स्यालयातल्या वासाने तिचं डोकं उठायचं. सांगाडा तिला पहिल्या वर्षीच पाहून पुरे झाला होता. मुलं खूश होतात म्हणून ती पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडायची.

"चल," ती उठत म्हणाली, "पाळण्यात बसायचं ना?"

"बसते," टिकली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मला गरगरतं. पण बसते मी."

आत्या पुन्हा खाली बसली.

"मलाही गरगरतं."

"तुला? मग तू दरवर्षी का बसतेस?"

"डोळे मिटून बसते. तुम्हा पोरांना हौस म्हणून."

"आम्हाला कुठे हौस? दादाला तर उलटी झाली होती. त्याने रुमालात केली, तुला कळू नये म्हणून."

आता मात्र आत्याला हसू आवरेना. तोंडावर पदर धरून ती हसत सुटली, आणि ते बघून टिकलीही खिदळायला लागली. शेजारच्या बाकावरचे आजोबा वर्तमानपत्र खाली करून दोघींकडे बघू लागले. हसता हसता टिकलीचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायलाच लागली.

"आत्या, मला घरी जायचंय. मला आई पाहिजे."

काल झोपताना तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. पोरीला पंख्याचा वारा लागतोय असं समजून आत्याने पंखा बंद केला होता आणि स्वतः उकाड्यात पडून राहिली होती. आता तिला उलगडा झाला. तिने टिकलीला जवळ ओढलं.

"जायचंय ना? मग बाबाला बोलावू या."

"नको! बाबा ओरडतील. आठवडा पुरा करायचा असतो. सगळ्यांनी केला."

"तुझं नावच येणार नाही. बघ तू."

तिने तिथूनच भावाला फोन लावला. आवाज शक्य तितका वैतागलेला काढला. शाळा उघडायच्या आत मोठी ऑर्डर पुरी करायची आहे, मालकाने सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या आहेत, पोरीला दिवसभर खोलीत एकटं कसं ठेवायचं, तेव्हा उद्या सकाळी येऊन घेऊन जा. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे सुरेख जमलं.

"अरेरे," पलीकडून भाऊ म्हणाला, "म्हणजे तुझा आठवडा बुडाला की गं ताई."

तुझा म्हणाला तो. पोरीचा नाही. कालपर्यंत हे तिच्या लक्षातही आलं नसतं.

"चालायचंच," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि टिकलीसमोर बोट नाचवलं. "आता हे कुणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. माझी सुट्टी रद्द झाली, बस्स."

"गळ्याशपथ," टिकली म्हणाली आणि तिने खरंच गळ्याला चिमूट लावली.

मग त्या दिवशी दोघींनी काहीच बघितलं नाही. ऐन दुपारी खोलीवर आल्या, पंखा मोठा केला आणि फरशीवर आडव्या पडल्या. आत्याच्या पलंगाखाली कापडाच्या चिंध्यांचं एक गाठोडं होतं. टिकलीने ते ओढून काढलं, पिशवीतून आपली बाहुली आणली आणि तिचा फ्रॉक कसा कापतात म्हणून विचारलं. आत्याने तिला कात्री कशी धरायची ते दाखवलं, आपण कापडाला भ्यायचं नाही, कापडाने आपल्याला भ्यायला हवं, असं सांगितलं. पहिला फ्रॉक इतका तंग झाला की तो बाहुलीच्या डोक्यावरून उतरेना. दुसरा बरा जमला. टिकली जिभेचं टोक बाहेर काढून कापत होती आणि मध्येच स्वतःच्या शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवत होती. तिला हे कुणी शिकवून पाठवलेलं नव्हतं. आत्या भिंतीला टेकून बघत होती. इतकी वर्षं इतकी पोरं या खोलीत राहून गेली आणि आपल्याला त्यातलं एकही ठाऊक नाही, असं तिला वाटलं. सकाळी घाईघाईने केस विंचरून त्यांना बाहेर काढायचं आणि संध्याकाळी थकलेली आणून झोपवायची, यातच सगळे आठवडे गेले होते.

रात्री जेवताना टिकली म्हणाली, "आत्या, तू आमच्याकडे का येत नाहीस?"

"येते की. लग्नकार्याला येते."

"तसं नाही. राहायला. आमच्या गच्चीवर झोपायला काय मजा येते ठाऊक आहे का तुला?"

ठाऊक होतं. त्या गच्चीवरच ती लहानाची मोठी झाली होती. पण आईवडील गेले, आणि लग्न न झालेल्या बाईला माहेर नसतं, नुसतं भावांचं घर असतं. या ना एकदा, असं वहिन्या फोनवर म्हणायच्या. कधी, ते मात्र कुणी म्हणालं नव्हतं. आणि आपणहून जाऊन दारात उभं राहणं तिच्याने झालं नव्हतं.  तिने टिकलीला आणखी भात वाढला.

सकाळी भाऊ आला. बसस्थानकाच्या गर्दीत त्याने एका हातात लेकीची पिशवी आणि दुसऱ्या हातात लेकीला धरलं होतं. तो आत्याला तीनतीनदा म्हणत होता, "फार ताण घेऊ नकोस, तुझं वय का आता ओव्हरटाइम करायचं?" त्याचं मन वाईट नव्हतं. तो लहानपणापासून असाच, तोंडभरून बोलणारा.

बस लागली. टिकली पायरीवर चढली, आणि मध्येच वळून बापाचा शर्ट ओढू लागली.

"बाबा, आत्यालापण नेऊ या ना आपल्याकडे. आत्ताच."

भाऊ क्षणभर गोंधळला. मग त्याला आठवलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अगं, तिची सुट्टी रद्द झालीय ना! नाहीतर सोडली असती होय मी तिला? हात धरून नेली असती. काय गं ताई? खरं सांग, आली असतीस की नाही?"

तो अगदी मनापासून बोलत होता. इतकं मनापासून तो याआधी कधी बोलला नव्हता.

 सुट्टी आहे रे, असं आत्याने म्हटलं असतं तर पोरीचं बिंग फुटलं असतं. बसचं इंजिन घरघरायला लागलं. टिकली पायरीवर दांड्याला धरून उभी होती. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि तोंड उघडलं.

आत्याने तिला खुणेने अडवलं नाही. ती तशीच उभी राहिली, पर्सचा पट्टा मुठीत धरून. बोल, तिच्या मनात आलं. बोल गं बाई.

टिकलीने तोंड पुन्हा मिटलं. ओठ आत ओढून घट्ट मिटलं. मग वाहकाने तिला आत घेतलं, खिडकीजवळ बसवलं, आणि बस हलता हलता, आपण शब्द कसा पाळला बघ, अशा ऐटीत ती आत्याकडे बघून हसली.